खरी नक्कल

देगलूरच्या कोर्टात, नक्कल विभागात
अठ्ठावीस वर्षं झाली मला.
उर्दू वाचणारा आता मीच उरलोय,
म्हणून ही मिसल माझ्या टेबलावर.
फसली सन तेराशे सत्तेचाळीस.
कागद उघडला की कडा झडतात.

"मी पोशट्टी वल्द सायन्ना,
लग्नासाठी साठ रुपये हाली घेतले.
फिटेपर्यंत राबेन.
न फिटल्यास मुलगा राबेल."

मुलगा तेव्हा जन्मलाही नव्हता.
अंगठा मात्र ठसठशीत.

मालकाचे वकील म्हणतात, करार आहे,
राजीखुशीचा. सरकारने मधे का यावं?
पोशट्टीकडून उभे गुलाम दस्तगीर.
बहस सहा पानं. घाईची लिपी, मधे शाई सांडलेली.

"हुजूर, कर्ज असेल तर हिशेब दाखवा.
अकरा वर्षांच्या राबण्याचे किती वळते केले?
वहीत तर साठाचे शहात्तर झालेत.
राबून वाढतं ते कर्ज नव्हे, ती किंमत.
आणि किंमत म्हटली की माल आला.
माल या पिंजऱ्यात उभा आहे, हुजूर.
सकाळी आपणच त्याला शपथ दिलीत.
बैलाला कुणी शपथ देतं?"

समोरचे हसले. मिसलीत तशी नोंद आहे.
"वकीलसाहेब, तुमचं तर नावच गुलाम!"

"बापाने मला पिराला वाहिलं.
पिराने अंगठा मागितला नाही."

पुढचं पान वाळवीने नेलं.
निकाल काय लागला, मला ठाऊक नाही.

तर्जुम्यात एकच शब्द अडला, भगेला.
सालगडी लिहिलं. खोडलं.
वेठबिगार लिहिलं. तेही खोडलं.
शेवटी जसाच्या तसा ठेवला.

नक्कल मागणाऱ्या वकीलबाई तरुण आहेत.
संविधानाचा तेविसावा अनुच्छेद तोंडपाठ.
प्रकरण ऊसतोडीचं, उचलीचं.
अशील बाहेर लिंबाखाली बसलेत, नवरा-बायको.
डब्यातली भाकरी अर्धीच खाल्लेली.

सहज विचारलं, उचल किती?
तो म्हणाला, "आमचा कोयता ऐंशी हजाराचा."
मुकादमाचा कागद मी चाळला.
त्यात त्याचं नाव होतं, गाव होतं,
तिचं कुठेच नाही.
"अर्धा कोयता मी," ती म्हणाली,
आणि पदराला हात पुसून
माझं पेन मागितलं.

"सही येते मला. लक्षिंबाई.
कुठं करू?"