दारावरचा दिवा

ताइस्तोने दार वाजवलं तेव्हा बाहेर उणे एकोणीस होतं.
टोपी काढून हातात धरलेली,
उसनं मागायला आल्यासारखा.
पहिले दोन क्षण माझ्या पायांतलं बळच गेलं.
मग म्हणाला, हिल्का, तुझा हा दारावरचा दिवा.
दहा ते दोन. एवढंच.

माझा दिवा त्याच्या देवयानीच्या आड येतो.
पंचवीस लाख वर्षं वाट तुडवत आलेला उजेड
माझ्या कुंपणाशी ठेचकाळतो म्हणे.

मी म्हटलं, दिवा इल्मोसाठी आहे.
बर्फ फोडणाऱ्या जहाजावर असतो तो, इंजिनाच्या पोटात.
केमीची खाडी गोठली की त्याची पाळी कधी सुटेल
हे कप्तानालाही सांगता येत नाही.
घर काळोखात दिसलं तर —
आणि पुढचं वाक्य मला सापडेना.
इल्मो एक्केचाळीस वर्षांचा आहे.
त्याला पायऱ्या पाठ आहेत.

ताइस्तोने वाद घातला नाही.
तीस वर्षं कागद गिरणीत होता,
त्या आवाजात वादाची सवयच मोडते.

खिडकीतून मी त्याला बघते.
बॅटऱ्या काखेत धरून बसतो, अंड्यांवरच्या कोंबडीसारखा,
थंडीत त्या मरतात म्हणून.
दुर्बिणीच्या तोंडाशी बायकोचा केस वाळवायचा पंखा.
बायको आत, टीव्हीसमोर, ओल्या केसांनी.
मृग आमच्याकडे पाइनच्या शेंड्यांना पोट घासत जातो.
तो नीट दिसावा म्हणून हा माझ्या अंगणात येऊन उभा,
न विचारता.

एकदा कॉफीला आला, लॅपटॉप घेऊन.
तीन-तीन मिनिटांचे साठ फोटो, एकावर एक रचलेले,
दुधावर साय धरावी तशी दीर्घिका वर आलेली.
मग एक नुसता काळा.
हा कशाचा?
झाकण लावून काढलाय.
अंधाराचा?
नाही, कॅमेऱ्याची स्वतःची खरखर आहे ही.
समोर काहीच नसताना तो जे बघतो, ते.
हे वजा करायचं. उरेल ते आभाळाचं.

तो गेल्यावर कप विसळत राहिले.
रोज रात्री रस्त्यावर मला जे जे दिसतं —
घसरलेली गाडी, दुभंगलेला बर्फ,
टोपी काढून दारात उभं कोणीतरी —
त्यातलं रस्त्याचं किती?

त्या मंगळवारी दहाला दिवा मालवला.
बटणावरून बोट काढायला वेळ लागला.
आधी नुसतं काळं. मग बर्फ निळा झाला,
मग कुंपण, मग ताइस्तोची पाठ.
दीडनंतर पावलं करकरली. इल्मो.
दाराशी आलाच नाही.
पिशवी खांद्यावर तशीच, मान मागे टाकून
अंगणाच्या मधोमध उभा,
लहानपणी नाकात थेंब घालून घ्यायला राहायचा तसा.
मी हाक मारली नाही.
किती वेळ, मोजलं नाही.
मग त्याने किल्ली शोधायला मोबाइलचा दिवा लावला
आणि पलीकडून ताइस्तोची शिवी ऐकू आली.

सदतिसावा फोटो वाया गेला.
सगळा पांढुरका, एका कडेला जरा जास्त.
टाकणार होता, मी मागून घेतला.
फ्रिजवर लावलाय. इल्मो विचारतो,
हे काय आहे, उलटं तर नाही ना लावलंस?

चंद्र भरत आला की ताइस्तो दिव्याचं नाव काढत नाही.
चंद्राला सेकंदाचा तुकडा पुरतो,
त्याला माझ्या साठ वॅटचं काय.
त्या आठवड्यात मी दिवा लावते. सवय.
आणि मे लागला की आमच्याकडे रात्रच होत नाही.
तेव्हा रस्ता थेट बंदरापर्यंत दिसतो,
रिकामा असला तरी.