तिसऱ्या भागातला खांदा

पहिला भाग बावीस दिवसांत उरकला,
असं हार्लन टीग सांगतो,
आणि दर खेपेला दिवस बदलतो, कधी बावीस, कधी एकोणीस.
टाकी मात्र बदलत नाही:
नेवाडात, मिठाच्या माळाच्या कडेला
रेल्वेची जुनी पाण्याची टाकी, एकसष्ट फूट.

यंत्रमानव म्हणजे तोच. ट्रकच्या ट्यूबचं रबर
अंगाला चिकटवलेलं, वर चंदेरी रंग,
डोळ्यांच्या जागी सायकलचे दिवे,
त्यातून काही म्हणजे काही दिसायचं नाही.
खाली पुठ्ठ्याची खोकी रचलेली. एक थर कमी पडला.
पैसे नव्हते असं नाही,
रविवार होता, दुकान बंद.

धप्प. तो आवाज खरा आहे.
यंत्र उठतं, असं कागदावर लिहिलं होतं, म्हणून तो उठला,
डावा खांदा खाली, मान किंचित वाकडी,
चालत चौकटीच्या बाहेर गेला
आणि तिथे, जिथे कुणी बघत नव्हतं,
ओकला.

दुसऱ्या भागात पैसा आला.
सात मजली हॉटेल फक्त पाडायला बांधलं,
खाली हवेची गादी, बाजूला दोन डॉक्टर,
चार कॅमेऱ्यांसाठी तो चारदा पडला.
यंत्राला एक अनाथ पोर दिलं, पोराला कुत्रं दिलं,
आणि शेवटी एवढे स्फोट की नाकापेक्षा मोती जड.
माझ्या मैदानावर त्या उन्हाळ्यात गाड्या मावत नव्हत्या,
मक्याच्या लाह्यांवर मी छप्पर नवं केलं,
तेव्हा मी वाईट बोलणार नाही.
हार्लनही बोलत नाही. एवढंच म्हणतो,
“दुसऱ्यात मला माहीत होतं, मी वाचणार.
बघणाऱ्याला ते कळतं. कसं, ते विचारू नकोस.”

आज तिसरा. मध्ये सव्वीस वर्षं.
चौदा गाड्या, त्यातली एक चुकून शिरलेली.
हार्लन पिकअपच्या मागच्या फळीवर, गुडघ्यांवर घोंगडी,
शेजारी नातू एमेट, दोघांत शेंगांची एक पुडी.
पडद्यावर चंद्राचे दोन तुकडे झाले.
मग तीन. यंत्र नऊशेव्या मजल्यावरून सुटलं,
काचा, ढग, उडती वाहनं, पुन्हा काचा,
मी घड्याळ पाहिलं: पूर्ण चार मिनिटं.
“कसं पडतोय?” एमेटने विचारलं.
“पडतोय कुठे,” हार्लन म्हणाला, “उतरतोय.”

खरं होतं ते. वजनच नव्हतं.
तळाला टेकलं, धूळ उडाली, तीही शिकवल्यासारखी.
आणि मग ते उठलं.

डावा खांदा खाली. मान किंचित वाकडी.
पहिलं पाऊल उजवं, दुसरं जरा उशिरा.

कुठेतरी, व्हँकुव्हरला किंवा आणखी लांब,
कुण्या पोराने बंद खोलीत पहिला भाग
एकेक चौकट थांबवून पाहिला असणार,
वहीत लिहून घेतलं असणार: यंत्र असं चालतं.
त्याला कुणी सांगितलं नाही
की ते मोडलेलं हाड होतं.

हार्लनचं चघळणं थांबलं.
हात आपसूक गळपट्टीच्या हाडाकडे गेला,
जिथे अजून एक गाठ आहे, थंडीत बोलणारी.
पुढचं युद्ध त्याने पाहिलं नाही.
यंत्र जेव्हा जेव्हा चालायचं, तेव्हाच मान वर.

मला विचाराल तर तिसरा दुसऱ्याहून बरा
आणि पहिल्याच्या पासंगाला पुरत नाही,
ती दोन पावलं सोडून.

आता नावं सुरू आहेत. शेकड्यांनी नावं,
धुराची माणसं, केसांची माणसं,
पाण्याच्या थेंबांची वेगळी माणसं.
हार्लनचा चष्मा घरी राहिलाय.
“खांदा कुणी केला, बघ रे,” तो एमेटला सांगतोय.
“असं नसतं लिहिलेलं, आजोबा.”
“बघ तरी.”

बाकीच्या गाड्या गेल्या.
मी अजून दिवे लावले नाहीत.