निव्वळ वजन

सिडनीला चाललो म्हटल्यावर
तासगावात सगळ्यांनी कांगारूच विचारले.
ही सिडनी निराळी, मोंटानातली,
बिलिंग्जहून तासाभराची,
आणि तिकडे जाणाऱ्या विमान कंपनीचं नाव
जावयालाही धड सांगता येईना.
छोटी आहे बाबा, पण रोज जाते, एवढंच.
आपल्याकडे वडापचं सांगतात तसं.

काउंटरवर ज्या बाईनं तिकीट पाहिलं
तिनंच बॅगेला चिठ्ठी बांधली,
तिनंच मग पिवळं जाकीट चढवून
बॅग ढकलत बाहेर नेली.
त्याआधी मला म्हणाली, काट्यावर उभे राहा.

एकतीस वर्षं मी वजनमापे निरीक्षक होतो.
बेदाण्याच्या सौद्यात, सोनारांच्या पेढीवर,
रॉकेलच्या मापाला आतून ठोकलेले पोचे
बोटानं चाचपत फिरलो.
पारड्याखाली चिकटवलेली चिंच
मी पकडलेली आहे.
माझं वजन मात्र असं चारचौघांत
कुणी मागितलं नव्हतं.

सवयीनं आधी वाकून काटा पाहिला.
शिक्का होता. मुदतीतला.
मग सवयीनंच कोट काढून खुर्चीवर ठेवला,
तेल मोजण्याआधी डबा वजा करतात तसा,
आणि चढलो.
एकशे एकतीस पौंड.
बाईनं लिहून घेतलं.
मी कोट घातला.

नऊ जागा, प्रवासी चार.
वैमानिक पोरगी, डार्ला नाव,
वेणी टोपीच्या मागच्या फटीतून काढलेली.
गुरांचा दलाल वाटावा अशा धिप्पाड गड्याला
तिनं पुढे बसवलं, मला शेवटी.
का, ते मला सांगायची गरज नव्हती.
माझ्यामागे जाळीखाली टपालाची खोकी,
त्यातलं एक चिवचिवत होतं.
कोंबडीची पिल्लं, एका दिवसाची.
चिठ्ठीवर लिहिलेलं, चार पौंड.

उडालो म्हणजे
धावपट्टीनं आम्हांला सोडून दिलं.
चाकं पोटात न घेताच विमान वर जात राहिलं,
चपला हातात न घेता ओढा ओलांडावा तसं.
आणि तेव्हा, पट्टा आवळताना,
कोटाच्या खिशात हाताला लागलं
पाचशे ग्रॅमचं पितळी वजन.

मृण्मयीनं तेवढंच मागितलं होतं.
लोणचं नको, मेतकूट नको.
लहानपणी ती ते बाहुलीच्या मांडीवर ठेवायची,
बाहुली बसून राहावी म्हणून.

म्हणजे मी फसवलं होतं.
कोट धरून चांगलं दोन किलोला.
दुसऱ्या कुणाचा मी पंचनामा केला असता.
इंजिनाचा सूर बदलला, माझ्यामुळे.
विमान डाव्या अंगावर कललं, माझ्यामुळे.
खाली कापलेल्या गव्हाची पिवळी शेतं,
यलोस्टोनचं वळण, त्याच्या कडेनं एकटाच रूळ,
आणि मी हिशेब करतोय
शेपटाकडे किती झुकलो असू.

पिल्लं एकदम गप्प झाली.
वाटलं, सगळ्यांनी मिळून खोक्यात उडी मारली तर
तेवढा क्षण चार पौंडांतून काही कमी होईल?
पुढचाच क्षण ते वसूल करतो.
खात्याच्या परीक्षेत आला होता हा प्रश्न,
माझं उत्तर बरोबर होतं.
तरी मी जाळीवर हात ठेवून बसलो.

उतरल्यावर डार्लाला शिडीपाशी थांबवून
मोडक्या इंग्रजीत कबुली दिली,
वजन तिच्या तळहातावर ठेवलं.
तिनं ते थोडं वर उडवलं, झेललं.
म्हणाली, मिस्टर गटाडी,
धावपट्टीपर्यंत जातानाच
ह्याच्या वीसपट तेल जळतं.
मला काही बरं वाटलं नाही.
तेल हिशेबात असतं.

कुंपणापलीकडे एक म्हातारी
खोकं कानाशी धरून पिल्लं मोजत होती.
तिच्याशेजारी मृण्मयी, हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांत.
दंडाला धरून मला मागेपुढे पाहिलं तिनं.
वाळलात बाबा. किती भरता आता?

म्हटलं, कोटासकट सांगू,
का कोटाशिवाय?