विसार

आधी पैसे, मग फळी.
शेडच्या दारावर मीच लिहिलंय हे,
होडीला नंबर घालतात त्याच काळ्या रंगानं.
आणि खाली, लोक कुरकुरत जवळ येतात म्हणून,
बारीक अक्षरांत:
सगळे पैसे. अर्धे नव्हेत.

साऱ्या दाल्काउएत मला खडूस म्हणतात.
म्हणोत.
अंगणातली ती होडी त्यांनी नीट पाहिलेली नाही.
सव्वीस फूट, सिप्रेसची, खालचा कणा एकसंध उल्मोचा,
नाळेवर नावसुद्धा आधीच रंगवून मागितलेलं: 'एदुविना'.
ओनोफ्रे काइकेओनं शब्द दिला होता. नुसता शब्द,
ज्याला ना गाठ मारता येते ना खिळा.
मोठ्या भरतीच्या आदल्या दिवशी तो उत्तरेला गेला,
तांब्याच्या खाणीत, असं म्हणतात.
आता माझी बायको 'एदुविना'त बटाटे लावते.
जांभळे. चांगले येतात.
चौदा वर्षं झाली,
समुद्र तिला अजून शिवलेला नाही.

मग तेओलिंदा नाउएल्किन आली,
पिठाचा डबा काखेत मारून.
डब्यात तीन उन्हाळे होते:
कमरेइतक्या थंड पाण्यात उभं राहून ओढलेलं शेवाळ,
रस्त्याकडेला पसरून वाळवलेलं,
किलोवर विकलेलं.
नोटांना ओहोटीचा वास येत होता.
मी मोजल्या. परत मोजल्या.
मोजताना माझे ओठ हलतात, ते ती बघत राहिली.
मग म्हणाली, पावती?

पावतीपुस्तक माझ्याकडे कधीच नव्हतं.
मी म्हटलं,
शब्द देतो.

ती काही बोलली नाही.
फक्त खिडकीतून बटाट्यांकडे पाहिलं तिनं,
जरा जास्तच वेळ.

विसार आणि विसर यांत एका कान्याचं अंतर.
पैशाच्या फळ्या झाल्या, हे खरं,
पण थोड्याचे छपराचे पत्रे झाले,
थोड्याचे माझ्या पोराचे कास्त्रोतले दात.
बाकीचं होईल, अजून हिवाळा पडलाय, असं म्हणत होतो,
तेवढ्यात जूनमध्ये पट्टाकरवतीनं
उजव्या हाताची तीन बोटं घेतली.
तिनंही आधीच घेतलं, काही न देता.

बरगड्या तशाच उभ्या राहिल्या, फळ्यांवाचून.
शनिवारी तेओलिंदा आली.
मी बायकोला सांगितलं, सांग, गावात नाही.
माडीवरच्या फटीतून बघत राहिलो:
ती 'एदुविना'त चढली,
वाफ्याच्या कडेला बसली, पावसात,
डोक्यावर पोतं घेऊन,
जणू होडी सुटायचीच आहे.
तीन तास.
पत्र्यांवर पाऊस वाजत होता. नवे पत्रे. फार वाजतात.

शेवटी मीच उतरलो, फडकं बांधलेला हात पुढे धरून,
ओळखपत्र दाखवावं तसा.
पैसे आत्ता नाहीत, म्हटलं.
पैसे कोण मागतंय, ती म्हणाली,
हातोडा कुठं ठेवता?

तेव्हापासून मी स्टुलावर बसतो आणि ओरडतो.
तांब्याचा खिळा आहे बाई, तुझ्या बापाचा नाही!
बापाचा नाही, माझा, ती म्हणते, पैसे दिलेत मी.
खिळे वाकतात. ती सरळ करते.
फटींत अलेर्सेच्या सालीचा काथ्या भरायला
तिची बोटं माझ्यापेक्षा बरी,
हे मी तिला सांगितलेलं नाही.
मजुरीचा विषय ती काढत नाही.
मीही नाही.
पण रात्री झोप येत नाही तेव्हा हिशोब करून बघतो,
ओठ हलवत,
आणि दरवेळी उरलेलं देणं माझ्याच बाजूला येतं.

परवा आचाओहून एक गिऱ्हाईक आलं,
तरुण, नव्या बुटांचं.
किती आगाऊ, म्हणून विचारलं.
मी दाराकडे बोट दाखवलं, होतं त्यातलं एक.
होडीच्या पोटातून तेओलिंदा काहीतरी बोलली,
तोंडात चार खिळे धरून.
मला नीट ऐकू आलं नाही.
गिऱ्हाईक हसलं.