वीस मेगाहर्ट्झचा डबा

अंबडला, पत्र्याच्या शेडमध्ये, माझं टेबल.
त्यावर दादांनी भंगारातून उचललेला स्कोप,
हिरव्या पडद्याचा, वीस मेगाहर्ट्झचा.
त्यात सगळंच गोल दिसतं.

पिंपळगावच्या शीतगृहाचं कार्ड परत आलं, तिसऱ्यांदा.
खोलीत चार अंश, आकडा आठ.
नेहमी नाही. मध्येच. बहुतेक पहाटे.
बोरस्ते फोनवर म्हणाले,
बाई, द्राक्षं खोटं बोलत नाहीत.

क्लॉकच्या पिनेवर प्रोब टेकवला.
छान लाट. पांडवलेणीच्या टेकडीइतकी निरुपद्रवी.
पण क्लॉक चौकोनी असतो,
आणि चौकोन एकट्यानं होत नाही:
मूळ दहा, मग तीस, मग पन्नास, पुढेही बारीक बारीक.
माझ्या डब्यात दहा शिरतो,
तीस अर्धामुर्धा,
पन्नास उंबऱ्यावरच दमतो.

दादा मागे स्टुलावर. एकतीस वर्षं सातपूरला पॉवर प्रेसवर.
मी म्हणते, ‘चहा?’
ते म्हणतात, ‘हो, हाच.’
स्वर पोचतात. च, स, श गळतात.
मी ओरडते, तर ते दचकतात.
आवाज मोठा झाला, शब्द नाही.

गांगुर्डे सरांनी पॉलिटेक्निकचा दोनशेचा स्कोप दिला,
सोमवारपर्यंत, सही घेऊन.
दहाच्या क्लॉकला दोनशे कशाला, हे मीही विचारलं असतं.
पण वेग क्लॉकचा नाही, कडेचा मोजायचा.
कड दोन नॅनोसेकंदांत चढते.
आणि चढून, थरथरून, खाली वाकून, पुन्हा वर.
ती एक थरथर चिपनं ठोका म्हणून मोजली.
एक बिट सरकला. चाराचे आठ.

सहा महिने ती तिथेच होती,
मी गुळगुळीत रेघेला शाबासकी देत होते.

तेहतीस ओहमचा रोध टाकला. कड जरा मऊ झाली.
चार म्हणजे चार.

रविवारी दादांना तो पडदा दाखवला.
बराच वेळ बघत राहिले.
मग जुन्या डब्यावर हात ठेवून म्हणाले,
‘याला बोल लावू नको. याला आलं तेवढं यानं सांगितलं.’

मी त्यांच्या समोर जाऊन बसले,
ओठ दिसतील असं.
हळू म्हटलं, च, हा.
‘साखर कमी,’ म्हणाले.