खोटी नोंद

पेठ फाट्यावरचा डबा मीच बसवला.
खांबावर साडेचार मीटर उंच, तोंड झेब्र्याकडे.
त्याला रंग कळत नाही, चेहरा कळत नाही,
कळते फक्त ऊब.
ऊब कडेला येऊन थांबली
की तो सिग्नलला सांगतो: माणूस आहे, गाड्या अडव.

जानेवारीत तो सगळ्यात चांगलं बघतो.
डांबर सात अंशांवर, माणूस छत्तीसवर,
मधे शंकेला जागाच नाही.

तरी ऑफिसातून फोन.
"तुमचा डबा भुतं मोजतोय.
रोज पाच चाळीसला कुणीतरी निघतं,
अर्ध्यात जातं, मागे येतं, पुन्हा निघतं.
अकरा वेळा गाड्यांना लाल!
दिंडोरीकडचे द्राक्षांचे पिकअप खोळंबतात.
खोटी नोंद आहे, गाळून टाका."

गाळणं सोपं असतं.
एक अट घालायची:
जो पलीकडे पोचत नाही, तो नव्हताच.

पण गेलो. पाच पस्तीसला,
कानाला मफलर, मांडीवर लॅपटॉप,
बंद टपरीच्या फळीवर.

लंकाबाई गांगुर्डे आल्या.
साडीवर नारिंगी जाकीट, खराटा खांद्याहून उंच.
झेब्र्याचा एक पट्टा झाडायचा,
मागे यायचं,
मग पुढचा.
स्क्रीनवर खराटा दिसतच नव्हता,
नुसती वाकलेली ऊब,
कशाला तरी बाजूला सारत असलेली.

विचारलं, मावशी, गाड्या थांबतात ते लक्षात आलं का?
"आलं ना.
सव्वीस वर्षं पाठीला कान लावून झाडलं मी.
औंदा दसऱ्यापासून थांबाया लागले.
म्हटलं, सुधारली बाबा माणसं."

मी डब्याकडे बोट करणार होतो.
खिशातच ठेवलं.

मागे एका पिकअपनं हॉर्न दाबला, लांबलचक.
त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

अहवालात कारणाचा रकाना असतो:
कुत्रा, पिशवी, वाफ, अन्य.
'अन्य' निवडलं आणि पुढे लिहिलं,
व्यक्ती. कामावर.
ओलांडायचं नाहीये तिला, तिचं काम रस्त्यातच आहे.
आणि सहा सेकंद वाढवले, कुणाला न विचारता.

एप्रिलात डांबर माणसाइतकंच तापतं.
डब्याला तेव्हा माणूस कुठला, रस्ता कुठला,
वेगळं करता येत नाही.
त्याचं काय करायचं
ते अजून सुचलेलं नाही.