अंगठ्याची दोरी

शालिक मेश्राम रात्री तलावाच्या पाळीवर झोपतो.
जाळ्याची दोरी उजव्या पायाच्या अंगठ्याला.
मरळ धडकली की अंगठा उठतो,
अंगठ्यामागून शालिक.
चाळीस वर्षं असंच. घड्याळ कधी लागलं नाही.

मी परसटोल्याच्या उपकेंद्रात रक्त काढते.
मंगळवारी साखर, गुरुवारी सिकलसेल,
फ्रीज चालू असेल तर बाकीचं.
माझ्यासोबत साकोलीला शिकलेली हर्षलता
आता पुण्यात मोठ्या सूक्ष्मदर्शकापाशी बसते.
तिनं एक फोटो पाठवला, रात्री पावणेबाराला:
स्वादुपिंडातली पेशी, इन्सुलिन करणारी,
आणि तिच्या अंगावर एक केस.
एकच.
खाली लिहिलेलं, बघ, मांगूर माशाची मिशी.

करते काय ही मिशी?
बरीच वर्षं सगळे म्हणायचे, काही नाही,
उरलंय काहीतरी जुनं, माकडहाडासारखं.
आता म्हणतात, ऐकते.
शेजारच्या पेशी काय कुजबुजतात,
रक्तातून कोण काय सांगत गेलं,
ते आधी केसाला लागतं, मग पेशीला.
साखर आली की हलतेसुद्धा.
उंदरांच्या या पेशींवरून केस नाहीसे केले
तर साखर दारात उभी
आणि इन्सुलिन घरात चपला शोधतंय.

आणखी एक सांगितलं तिनं, ते डोक्यातून जात नाही.
त्या केसात स्वतःचं काही शिजत नाही.
लागेल ते बुडापासून शेंड्यापर्यंत वाहून न्यावं लागतं,
खेप वर, खेप खाली, दिवसरात्र,
एवढ्याशा ऐकण्यासाठी.
आणि पेशीला एकाची दोन व्हायचं असलं
की आधी ती केस आत ओढून घेते.
तेवढा वेळ बहिरी.

मार्चमध्ये शालिक आला. आला म्हणजे सुनेनं आणला.
उपाशीपोटी तीनशे बारा.
पाय वर घ्या म्हटलं, तर अंगठ्याभोवती
दोरीनं कापलेली खोल वळी, कडा पांढऱ्या पडलेल्या.
केव्हा झालं हे?
"मले का मालूम?" तो हसला.
"मासा ओढून ओढून गेला असन. मी झोपूनच होतो."

डोळे मिटा काका.
नायलॉनचा बारीक धागा मी अंगठ्याला टेकवला.
लागलं की सांगा.
पंखा फिरत होता. सून दाराकडे बघत होती.
"लाव तं पयले," शालिक म्हणाला.
मी तीनदा लावला होता.

हर्षलताला कळवलं. ती म्हणाली, उपमा देऊ नकोस.
पायातल्या नसा साखरेनं मेल्या, ती गोष्ट वेगळी.
केसाचं आम्हालाच अजून अर्धंमुर्धं कळलंय,
माणसात कोणाचं काय बिघडतं, माहीत नाही.
बरोबर आहे तिचं. मी देत नाही उपमा.
मी फक्त गोळ्यांचं पाकीट मोजून दिलं,
जखमेला पट्टी, आणि म्हटलं,
दोरी आता अंगठ्याला नको.

मग कुठं बांधू, हे त्यानं विचारलं नाही.

आज पहाटे मशीन घेऊन मीच पाळीवर गेले.
शालिक जागा, पाण्याकडे तोंड करून,
पायात सुनेनं आणलेले निळे बूट,
आणि दोरी दातात.
बोलता येत नाही म्हणून त्यानं नुसतं बोट पुढे केलं.
टोचलं. थेंब पट्टीवर.
मशीन उलटं मोजायला लागलं, पाच, चार,
तोच त्याच्या भुवया वर गेल्या.
सुईनं की माशानं,
मी विचारलं नाही. हात तेवढा धरून ठेवला.